नऊशे वर्षांचा अबोला

‘अबोला’ हा शब्द मी वर्गात शिकवताना नेहमी फळ्यावर लिहितो आणि मुलांना सांगतो, याला इंग्रजीत एकच चपखल प्रतिशब्द शोधून दाखवा. मुले ‘सायलेन्स’ म्हणतात. पण सायलेन्स म्हणजे शांतता. ती हिमालयातही असते आणि परीक्षेच्या दालनातही असते. अबोल्याला दोन माणसे लागतात आणि ती एकमेकांच्या जवळची लागतात. परक्याशी कोणी अबोला धरत नाही. ज्याच्याशी बोलण्याचा आपला हक्क आहे, त्याच्याशीच न बोलणे म्हणजे अबोला. शिवाय तो ‘धरावा’ लागतो. धरलेली वस्तू केव्हातरी सोडता येते, एवढी आशा आपल्या भाषेने त्यात शिल्लक ठेवली आहे.

हे सारे मी पोटतिडकीने सांगतो, कारण माझे बालपण अशाच एका अबोल्याच्या सावलीत गेले. राजापूरजवळच्या आमच्या गावी एकच घर, एकच विहीर आणि आंब्याची सात कलमे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, आणि त्यांचे धाकटे बंधू भाऊकाका यांच्यात आजीच्या शेवटच्या दुखण्यातील खर्चावरून बोलाचाली झाली. ती कलमांवर गेली, कलमांवरून विहिरीवर गेली आणि शेवटी कचेरीत गेली. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. एके दिवशी आमच्या मुंबईच्या बिऱ्हाडी भाऊकाकांचे कार्ड आले. वर रीतीप्रमाणे ‘तीर्थस्वरूप अण्णांस’ होते. खाली मात्र नमस्कार नव्हता. मधल्या चार ओळींत एवढेच होते की, आजपासून तुम्ही आम्हांस नाही आणि आम्ही तुम्हांस नाही. उघडे कार्ड ते! गावच्या पोस्टमास्तरांपासून आमच्या चाळीतल्या पोस्टमनपर्यंत सर्वांनी ते आमच्या आधी वाचले होते.

आई म्हणाली, “फाडून टाका ते.” अण्णांनी ते फाडले नाही. सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि म्हणाले, “राहू दे. उद्या कामाला येईल.”

दोन वर्षांपूर्वी नाताळात मी वसईला एका सहकाऱ्यांकडे गेलो होतो. ते अर्थशास्त्र शिकवतात; घराणे पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. त्यांच्या बैठकीच्या खोलीत येशूच्या तसबिरीशेजारी एक जुने छायाचित्र लावलेले होते. एक सडपातळ, गुळगुळीत दाढी केलेले, पांढऱ्या झग्यातले गृहस्थ आणि एक चांगले सहा फुटांहून उंच, छातीपर्यंत पांढरी दाढी रुळणारे, काळ्या वेषातले वृद्ध. दोघांनी एकमेकांना मिठी मारलेली. मी सहज विचारले, “हे दोघे कोण?”

“सर, पांढऱ्या झग्यातले पोप पॉल सहावे आणि दाढीवाले कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क अथेनागोरस. जेरुसलेममध्ये, १९६४ साली. त्यांच्या दोन गाद्यांचे नऊशे वर्षे पटत नव्हते.”

“नऊशे?”

“नऊशे. आणि भांडण भाकरीवरून.”

त्या दिवशी मी त्यांच्याकडून दोन पुस्तके घेऊन आलो. पुढे आणखी पुष्कळ वाचले. जे वाचले ते या दिवाळीत वाचकांना सांगावे असे वाटते. त्यात माझा स्वार्थही आहे. तो शेवटी सांगेन.

रोमन साम्राज्याच्या दोन राजधान्या होत्या. पश्चिमेला जुने रोम, पूर्वेला कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. रोमचे धर्मगुरू ते पोप. पूर्वेकडच्या मोठ्या धर्मगुरूंना पॅट्रिआर्क म्हणतात. आपला ‘कुलपिता’ हा शब्द त्याला जवळचा. श्रद्धा एक, शास्त्र एक. पण रोममध्ये लॅटिन चाले, कॉन्स्टँटिनोपलमध्ये ग्रीक. हळूहळू एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेनासे झाले आणि न कळलेल्या वाक्याचा वाईट अर्थ लावणे ही तर मनुष्यमात्राची जुनी खोड.

मतभेद कशाकशावरून होते पाहा. उपासनेत जी भाकर वापरतात ती लॅटिन लोक बेखमीर करीत, ग्रीक खमीर घातलेली. लॅटिन पाद्री दाढी करीत, ग्रीक ठेवीत. लॅटिन पाद्र्यांना लग्नाची बंदी, ग्रीकांकडे लग्न झालेल्या गृहस्थाला पाद्री होता येई. याशिवाय एक खरोखरच खोल वाद होता. पवित्र आत्मा हा पित्यापासून निघतो, असे जुन्या श्रद्धावचनात होते. पश्चिमेकडच्यांनी पुढे त्यात ‘आणि पुत्रापासून’ एवढी भर घातली. पूर्वेकडचे विचारू लागले की, सर्वांनी मिळून ठरवलेल्या वचनात तुम्ही एकट्यांनी शब्द घातलात कोणत्या अधिकाराने? आणि या ‘अधिकारा’च्या प्रश्नापाशी येऊनच सारे थांबे. पोप सर्वांचे वडील, की भावांतला थोरला भाऊ? भाकर आणि दाढी ही निमित्ते. मूळ दुखणे हे होते.

१०५४ साली पोप नववे लिओ यांनी समेटासाठी तीन वकील कॉन्स्टँटिनोपलला धाडले. त्यांचे प्रमुख होते कार्डिनल हम्बर्ट. विद्वान, पण जिभेला धार. समोर पॅट्रिआर्क मायकेल केरुलारियस. तेही काही कमी मानी नव्हते. त्यांनी पाहुण्यांची दखलच घेईनाशी केली. वाट पाहता पाहता तिकडे एप्रिलमध्ये पोप लिओ वारले. ज्यांच्या नावाने हे वकील बोलत होते, ते गृहस्थच या जगात उरले नव्हते! तरी १६ जुलै १०५४ रोजी, हागिया सोफिया या भव्य मंदिरात उपासनेची तयारी चालू असताना, हम्बर्ट ताडताड आत शिरले आणि त्यांनी वेदीवर बहिष्काराचे पत्र ठेवले. त्यात केरुलारियस आणि त्यांच्या अनुयायांना धर्मबाह्य ठरवले होते. गंमत अशी की, श्रद्धावचनातला शब्द ग्रीकांनी गाळला, असाही एक आरोप त्यात होता. वस्तुतः तो लॅटिनांनी घातला होता. रागाच्या भरात लिहिलेल्या पत्रात इतिहास नेहमीच उलटा होतो. काही दिवसांतच केरुलारियस यांनी धर्मसभा भरवून ते पत्र आणणाऱ्यांवर उलटा बहिष्कार घातला.

बहिष्कार हा शब्द आपल्याला नवा नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक, रानडे यांच्यासारख्यांवर केवढे ग्रामण्य झाले होते! एका पेल्यातला चहा प्रायश्चित्तापर्यंत गेला. तेव्हा भाकरीवरून दोन धर्मपीठे तुटली याला आपण हसू नये.

केरुलारियस यांच्या धर्मसभेच्या इतिवृत्तात एक गोष्ट नमूद आहे. हम्बर्ट यांनी ठेवलेल्या पत्राची मूळ प्रत जाळलेली नाही; लिहिणाऱ्यांची अप्रतिष्ठा कायम राहावी म्हणून ती दप्तरखान्यात ठेवली आहे! ते वाचले आणि मी पुस्तक मिटले. मला आमची पत्र्याची पेटी दिसली.

एका पत्राने नऊशे वर्षांचे वैर होत नाही. त्यानंतरही व्यापार चाले, पत्रे जात, लग्नसंबंध होत. पण पत्र दप्तरात होते आणि पुढच्या प्रत्येक दुखण्याला ते कामाला आले. सर्वांत मोठे दुखणे १२०४ चे. जेरुसलेमकडे म्हणून निघालेल्या चौथ्या धर्मयुद्धाच्या फौजा वाटेत कॉन्स्टँटिनोपलवर वळल्या आणि त्यांनी ते ख्रिस्ती शहर लुटले. वेदीवरच्या वस्तूसुद्धा गेल्या. ग्रीक माणूस १०५४ विसरला असता; १२०४ तो विसरू शकला नाही.

समेटाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १२७४ मध्ये लिआँ येथे झाला, तो टिकला नाही. १४३८ मध्ये तुर्कांची तलवार कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीशी आलेली असताना बादशहा आणि वृद्ध पॅट्रिआर्क जोसेफ मदतीच्या आशेने इटलीत फेरारा येथे आले. पहिल्या भेटीलाच अडले. पोपना भेटणाऱ्याने त्यांच्या पायाचे चुंबन घ्यावे, असा तिकडचा रिवाज. जोसेफ यांनी साफ नकार दिला. पोप माझ्याहून वडील असतील तर मी त्यांना पिता मानीन, बरोबरीचे असतील तर भाऊ, लहान असतील तर पुत्र. पण पायाचे चुंबन नाही, असा त्यांचा सूर होता. आपल्याकडच्या व्याहीभोजनातला मानापमान आठवावा असाच हा प्रसंग. शेवटी गालाच्या चुंबनावर तडजोड झाली. १४३९ मध्ये फ्लॉरेन्स येथे एकीचा ठराव झाला. पण घरी परतल्यावर लोकांनी तो मानला नाही. गरजेपोटी केलेली सही, ती! १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले आणि अबोला पूर्ण झाला. जोसेफ यांच्यानंतर सव्वापाचशे वर्षे पोप आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही.

मग हा अबोला सुटला कसा? याचे उत्तर शोधता शोधता मी शास्त्रार्थाकडून मुत्सद्देगिरीकडे आलो.

पोपचे राज्य आज केवळ ४४ हेक्टरांचे, पण १८० हून अधिक देशांशी त्याचे राजनैतिक संबंध आहेत. त्यांचे वकील तयार करणारी रोममधील पाठशाळा १७०१ पासून चालू आहे. सैन्य नाही, व्यापार नाही. तेव्हा या वकिलाकडे भांडवल काय? ऐकून घेण्याची सवय आणि वेळ. अशाच वकिलांपैकी एक होते आन्जेलो रोंकाल्ली. शेतकऱ्याचा मुलगा, गोलमटोल देह, विनोदी स्वभाव. १९२५ ते १९४४ अशी जवळजवळ वीस वर्षे ते बल्गेरिया, तुर्कस्तान आणि ग्रीस या देशांत होते, म्हणजे नेमके अबोल्याच्या पलीकडच्या अंगणात. तुर्कस्तानात १९३५ च्या सुमारास पाद्र्यांना रस्त्यावर धर्मवेष घालण्याची बंदी आली, तेव्हा त्यांनी कुरकुर न करता कोट-पाटलोण चढवली. १९३९ मध्ये ते इस्तंबूलच्या फनार भागातील पॅट्रिआर्क बेंजामिन यांच्या वाड्यावर गेले. पोपच्या निधनाच्या आणि नव्या पोपच्या निवडीच्या वेळी तिकडून सौजन्य दाखवले गेले होते, त्याचे आभार मानायला. भेट साधी होती. पण ज्या घरी आपले कोणी जात नाही, तिथे निमित्त काढून जाणारा माणूस प्रत्येक कुटुंबात एखादा तरी असावा लागतो.

१९५८ मध्ये हेच रोंकाल्ली पोप जॉन तेविसावे झाले. १९६० मध्ये त्यांनी ख्रिस्ती ऐक्यासाठी एक स्वतंत्र कार्यालय काढून ते कार्डिनल बेआ या वृद्ध जर्मन पंडिताकडे सोपवले. त्याच वर्षी डिसेंबरात कँटरबरीचे आर्चबिशप फिशर त्यांना भेटून गेले. आठव्या हेन्रीने रोमशी फारकत घेतल्यापासून असे कधी झाले नव्हते. १९६२ मध्ये जॉन यांनी दुसरी व्हॅटिकन परिषद भरवली आणि तिला दुसऱ्या ख्रिस्ती पंथांचे निरीक्षक बोलावले. आपल्या घरची भांडणे भाऊबंदांसमोर उघडी करायला छाती लागते. १९६३ मध्ये जॉन वारले आणि पॉल सहावे गादीवर आले.

तिकडे फनारमध्ये १९४८ पासून अथेनागोरस पॅट्रिआर्क होते. अमेरिकेत बरीच वर्षे काढून आलेले. १९४९ मध्ये इस्तंबूलला पोहोचले ते अध्यक्ष ट्रुमन यांच्या विमानातून. मान मोठा, पण माणसे थोडी. १९५५ मध्ये इस्तंबूलमध्ये ग्रीकांविरुद्ध भयंकर दंगल झाली. दुकाने, मंदिरे, दफनभूमीसुद्धा फोडली गेली. आपल्या डोळ्यांसमोर आपला समाज ओसरत चाललेला पाहणारा हा वृद्ध माणूस मनाने कडवट झाला असता तर नवल नव्हते. तो झाला नाही.

१९६३ च्या डिसेंबरात पोप पॉल यांनी जाहीर केले की, आपण यात्रेकरू म्हणून पवित्र भूमीला जाणार. अथेनागोरस यांनी ही संधी ओळखली. आता मुत्सद्देगिरीची नजाकत पाहा. पोप इस्तंबूलला गेले तर रोम वाकले असे होणार. पॅट्रिआर्क रोमला गेले तर फनार शरण गेले असे होणार. जेरुसलेम मात्र दोघांचेही नव्हते. ते दोघांच्या धन्याचे होते. तिथे दोघेही यात्रेकरू. शिवाय भेटी दोन ठरल्या. ५ जानेवारी १९६४ रोजी पॅट्रिआर्क पोपच्या मुक्कामी गेले आणि दुसऱ्या दिवशी पोप पॅट्रिआर्कांच्या मुक्कामी. फेऱ्या सारख्या, मान सारखा! पोपनी उपासनेचा पेला भेट दिला. उपासनेची भाकर आणि पेला अजून दोघांना एकत्र घेता येत नव्हते. पण भांडे तर देऊन ठेवले. योहानाच्या शुभवर्तमानातील, शिष्यांनी एक व्हावे म्हणून येशूने केलेल्या प्रार्थनेचा अध्याय दोघांनी मिळून वाचला. एकाच्या तोंडी लॅटिन, एकाच्या तोंडी ग्रीक.

अशा वेळी खरी भीती समोरच्याची नसते. आपल्याच पाठीमागे उभे असलेल्यांची असते. अथेन्सच्या आर्चबिशपांनी भेटीला उघड विरोध केला. आथोस पर्वतावरच्या कित्येक मठांनी पुढे आपल्या प्रार्थनेतून अथेनागोरस यांचे नावच काढून टाकले. अथेनागोरस यांनी ते सोसले. तो प्रसंग आठवावा म्हणून त्यांनी आथोसच्याच एका साधूच्या हातचे चित्र पोपना पाठवले. त्यात पेत्र आणि आंद्रिया हे येशूचे दोन शिष्य एकमेकांना कवटाळीत आहेत. पेत्र हा रोमचा मूळपुरुष, आंद्रिया कॉन्स्टँटिनोपलचा. आणि हे दोघे होते सख्खे भाऊ. म्हणजे हे नऊशे वर्षांचे प्रकरण मुळात भाऊबंदकीचेच!

त्याच वर्षी सप्टेंबरात रोमने आंद्रियाचे शिर म्हणून पूजिला जाणारा अवशेष ग्रीसमधील पात्रास शहराला परत केला. तुर्कांच्या भीतीने तो पंधराव्या शतकात रोमला आणला गेला होता. पाचशे वर्षांनी ठेव परत गेली. आणि त्याच वर्षी, २ ते ५ डिसेंबरला, पोप पॉल मुंबईला आले. जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेस तेव्हा ओव्हल मैदानावर भरली होती. आमच्या मित्रांच्या आई तेव्हा बारा वर्षांच्या. वडिलांचे बोट धरून वसईहून गाडीने गेल्या होत्या. त्या सांगत होत्या, “एवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. पोप इवलेसे दिसले, पण दिसले.” त्या मुक्कामात पोपनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना बृहदारण्यक उपनिषदातील असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना उच्चारली आणि जगातल्या राष्ट्रांना शस्त्रांवरचा पैसा गरिबांसाठी वळवण्याचे आवाहन केले. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांना हा दौरा आठवत असेल. त्याच्या अकरा महिने आधीची जेरुसलेमची मिठी मात्र आपल्या गावीही नव्हती.

पण मिठी मारली तरी कागद राहतोच. १०५४ च्या कागदाचे काय करायचे? १९६५ च्या नोव्हेंबरात दोन्हीकडच्या मंडळींची समिती इस्तंबूलमध्ये बसली. अडचण मोठी होती. बहिष्कार रद्द करावा, तर ज्यांच्यावर तो होता ती माणसे मरून नऊ शतके झाली. झालेच नाही म्हणावे, तर ते खोटे. चूक कोणाची हे ठरवावे, तर भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू. तेव्हा त्यांनी जे शब्द योजले त्यांना भाषेचा शिक्षक या नात्याने मी मनोभावे नमस्कार करतो. ७ डिसेंबर १९६५ रोजी रोममध्ये सेंट पीटर्समध्ये आणि इस्तंबूलमध्ये फनारच्या मंदिरात एकाच वेळी ते निवेदन वाचले गेले. त्याचा आशय असा: त्या काळी दोन्हीकडून जे लागट शब्द, निराधार आरोप आणि निंद्य कृत्ये झाली त्यांचा आम्हांला खेद आहे, ते बहिष्कार आम्ही स्मृतीतून आणि चर्चच्या मधून दूर करतो, आणि एवढ्याने जुने-नवे मतभेद मिटणार नाहीत हेही आम्ही जाणतो.

तीनच गोष्टी. झाले ते झाले नाही, असे म्हटले नाही. चूक कोणाची, याचा निकाल दिला नाही. वाद मिटला, अशी बतावणी केली नाही. फक्त दोघांच्या मध्ये पडलेला कागद उचलून बाजूला ठेवला. नऊशे अकरा वर्षांनी!

पुढे १९६७ च्या जुलैत पोप स्वतः इस्तंबूलला गेले आणि ऑक्टोबरात पॅट्रिआर्क रोमला आले; एकदा अबोला सुटल्यावर आधी कोण, हा प्रश्न उरला नव्हता. त्याच वर्षी पॉल यांनी जाहीरपणे म्हटले की, ऐक्याच्या वाटेतला सर्वांत मोठा अडसर म्हणजे पोप, हे आपण जाणतो. आणि १४ डिसेंबर १९७५ रोजी, निवेदनाच्या दहाव्या वर्षी, रोममध्ये एक अघटित घडले. पॅट्रिआर्कांचे प्रतिनिधी मेलितोन समोर उभे होते. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पोप पुढे आले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी मेलितोन यांच्या पायांचे चुंबन घेतले. फेरारात जे मागितले गेले आणि नाकारले गेले, ते साडेपाचशे वर्षांनी न मागता, उलट्या दिशेने दिले गेले.

कोणी म्हणेल, मग पुढे काय झाले? प्रश्न रास्त आहे. दोन्ही चर्चे आजही एक झालेली नाहीत. भाकर आणि पेला अजून वेगळाच आहे. १९८० पासून दोन्हीकडच्या पंडितांची समिती चर्चा करीत आहे आणि पोपच्या अधिकाराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस आणि मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल हे हवानाच्या विमानतळावर भेटले, ही रोम-मॉस्कोची पहिलीच भेट. पण २०१८ मध्ये युक्रेनवरून मॉस्कोने खुद्द कॉन्स्टँटिनोपलशीच संबंध तोडले. एक गाठ सोडवावी तो दुसरी बसते. तरी २०२५ च्या नोव्हेंबरात, निकेयाच्या पहिल्या धर्मपरिषदेला १७०० वर्षे झाली तेव्हा, नवे पोप लिओ चौदावे आणि पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू त्या जुन्या स्थळी एकत्र प्रार्थनेला उभे राहिले. आता अशी भेट ही आश्चर्याची बातमी राहिलेली नाही. मला वाटते, हेच त्या १९६५ च्या कागदाचे यश.

राष्ट्रांच्या बाबतीतही हीच रीत दिसते. १९७८ च्या डिसेंबरात दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील तीन बेटांसाठी अर्जेंटिना आणि चिली यांच्या फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा पोपनी कार्डिनल सामोरे या वृद्ध मुत्सद्द्याला धाडले. त्याने बेटांचा निकाल आधी लावला नाही. बोलणी चालू असेतो शस्त्र उचलायचे नाही, एवढेच आधी कबूल करून घेतले. बोलणी सहा वर्षे चालली. सामोरे १९८३ मध्ये वारले. तह १९८४ मध्ये व्हॅटिकनमध्ये झाला. आधी बोलणे, मग बेटे.

आता माझा स्वार्थ. अण्णा २०११ मध्ये गेले. तेराव्याला भाऊकाका आले होते, असे शेजाऱ्यांनी मागाहून सांगितले. फाटकापाशी थोडा वेळ उभे राहून परत गेले. आत या, म्हणायला कोणी पुढे झाले नाही. मीही नाही, मी तेव्हा घरातच होतो. पेटी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर कार्डही आले. हम्बर्ट गेले, केरुलारियस गेले, पण दप्तर चालू, अशातलाच प्रकार.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो. पत्नीने फराळाचा डबा भरून दिला. भाऊकाका आता एक्याऐंशीचे. ओटीवर बसले होते. मला त्यांनी ओळखले नाही, मग ओळखले. मी पाया पडलो. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग ते म्हणाले, “तौक्तेच्या वादळात दोन कलमं गेली. विहिरीजवळची.”

मी म्हटले, “पाच राहिली ना, काका.”

चहा झाल्यावर त्यांनीच विचारले, “दादाने ते कार्ड ठेवलं होतं का रे?”

काय सांगावे? ‘नाही’ म्हणणे सोपे होते. पण झाले ते झाले नाही म्हणायचे नाही, एवढे मी शिकलो होतो. मी खिशातून कार्ड काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावून ते सबंध वाचले, उलटून पत्ता वाचला आणि म्हणाले, “अक्षर बरं होतं हो माझं तेव्हा.” मग ते त्यांनी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवले. मी परत मागितले नाही.

वाचकांनी असे समजू नये की, आमचे सारे मिटले. दावा अजून उभा आहे. पुढची तारीख माघात आहे आणि पाच कलमांचे दोन भाग कसे करायचे, हे त्या न्यायाधीशांनाच ठाऊक. पण निघताना काकूंनी डबा परत दिला, तो रिकामा नव्हता. आपल्याकडे रिकामे भांडे परत देत नाहीत. आत त्याच कलमांच्या आंब्याची साठे होती. घरी आल्यावर पत्नीने डबा घासून पालथा घातला आणि म्हणाली, “यंदाही भरायचा ना?”

यंदाही भरायचा.